निळ्या डगल्यांची पोरे

विद्यापीठात नोकरी करतो असे सांगितले, की समोरचा माणूस हमखास विचारी, "म्हणजे प्रोफेसर का?" नाही म्हटले, की दुसरा प्रश्न, "मग कचेरीत?" तेही नाही म्हटले, की बिचाऱ्याचे प्रश्न संपत. विद्यापीठात शिकवणारे असतात आणि कागद सांभाळणारे असतात, एवढेच आपल्या लोकांना ठाऊक. लेथवर उभा राहून पितळेवर आटे पाडणारा, काच वितळवून नळीला नळी जोडणारा, पंपाचा नुसता आवाज ऐकून त्याचे पोट कुठे दुखते ते सांगणारा, असा एक तिसरा वर्ग तिथे असतो, हे कोणाच्या गावीही नसते. माझी चौतीस वर्षे या तिसऱ्या वर्गात गेली. एका लग्नाच्या बोलणीत माझ्या आतेबहिणीने माझी ओळख 'दादा विद्यापीठात मशिनीवर असतात' अशी करून दिली. त्यात खोटे काहीच नव्हते. पण मी प्रश्नपत्रिका छापतो की गिरणी चालवतो, हे त्या मंडळींना अखेरपर्यंत उमगले नाही.

निवृत्तीनंतर हाताला काम उरले नाही, तेव्हा डोळ्यांना दिले. आमच्या या जमातीचा काही इतिहास आहे का, ते धुंडाळू लागलो. शास्त्रज्ञांची चरित्रे पुष्कळ वाचली. त्यांत आम्ही सापडतो ते बहुधा प्रस्तावनेच्या शेवटच्या ओळीत, बायकोचे आभार मानण्याच्या अलीकडे. पण सापडतो खरे.

सगळ्यांत जुने आणि मोठे नाव म्हणजे जेम्स वॅट. वॅट म्हटले की आपल्याला आठवते ती किटली आणि तिचे उडणारे झाकण. शाळेच्या पुस्तकाने ती गोष्ट आपल्या माथी मारलेली आहे. खरी गोष्ट किटलीपेक्षा रंजक आहे. वॅटला ग्लासगो शहरात उपकरणे बनवण्याचे दुकान टाकायचे होते. तिथल्या धातुकारागिरांच्या संघाने हरकत घेतली. कारण त्याने रीतसर सात वर्षे उमेदवारी केलेली नव्हती. तेव्हा १७५७ साली ग्लासगो विद्यापीठाने त्याला आपल्या आवारात एक खोली दिली आणि 'विद्यापीठाचा गणिती उपकरणकार' अशी पदवीही दिली. विद्यापीठाच्या कुंपणाच्या आत संघाचे चालत नव्हते! वर्गात दाखवायचे न्यूकोमेनच्या वाफयंत्राचे एक लहानसे मॉडेल नादुरुस्त होते; १७६३ च्या हिवाळ्यात ते वॅटच्या टेबलावर आले. दुरुस्त झाले, पण दोन-चार फेऱ्या मारून थांबे. एवढी वाफ जाते कुठे, हा प्रश्न दुरुस्ती करणाऱ्या माणसाला पडला, आणि त्यातून १७६५ साली वाफ वेगळ्या भांड्यात थंड करण्याची युक्ती निघाली. जगाचा कारभार बदलणारी कल्पना एका दुरुस्तीच्या कामातून निघाली, याचा आम्हा वर्कशॉपवाल्यांना केवढा अभिमान वाटतो म्हणून सांगू!

दुसरे नाव एबेनेझर एव्हरेटचे. हे मात्र तुम्ही ऐकलेले नसेल. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत १८९७ साली जे. जे. थॉमसनने इलेक्ट्रॉन ओळखून काढला, त्या प्रयोगाच्या काचनळ्या या एव्हरेटने फुंकल्या होत्या. थॉमसनची बुद्धी जितकी तल्लख, तितके त्याचे हात धांदरट. त्याने उपकरणाला हात लावू नये अशीच त्याच्या माणसांची धडपड असे. मोठा माणूस, त्याला कुणी 'साहेब, लांब राहा' कसे म्हणायचे? पण एव्हरेटला ते साधत असावे.

वॅट काय, एव्हरेट काय, ही झाली एकेका माणसाच्या नशिबाची कथा. चांगला हात भेटला, चांगला प्रोफेसर भेटला, काम झाले. पण असले हात मुद्दाम तयार करावेत, त्यांना धंदा म्हणून, पोटाचा उद्योग म्हणून मान द्यावा, त्यासाठी शाळा काढावी, हे ज्याने मनावर घेतले, असा एक माणूस हॉलंडचा. त्याचीच हकिगत मला मुख्यत्वे सांगायची आहे.

हॉलंडमधील लायडन हे कालव्यांचे गाव. १५७४ साली स्पॅनिश वेढ्यात या गावाने उपासमार सोसली, पण दरवाजे उघडले नाहीत. त्याचे बक्षीस म्हणून विल्यम ऑफ ऑरेंजने त्याला पुढच्याच वर्षी विद्यापीठ दिले. करमाफी की विद्यापीठ, असे विचारल्यावर लोकांनी विद्यापीठ मागितले, असे तिथे सांगतात. ही दंतकथाच असावी. करमाफी सोडणारे गाव अजून माझ्या पाहण्यात नाही. त्या विद्यापीठात १८८२ साली पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक म्हणून हाइके कामर्लिंग ओनेस हा एकोणतीस वर्षांचा तरुण आला. बापाचा विटांचा कारखाना. मुलाची प्रकृती तोळामासा, पण जिद्द भट्टीतल्या विटेसारखी. 'मोजमापातून ज्ञानाकडे' हे त्याचे ब्रीद. आल्या आल्या पहिल्याच व्याख्यानात त्याने ते सांगून टाकले. वायू थंड करीत करीत त्यांचे द्रव करायचे, आणि शक्य तितक्या खालच्या तपमानाला पदार्थ कसे वागतात ते मोजायचे, हा त्याचा ध्यास.

हे काम खडू आणि फळ्याचे नव्हे. त्याला पंप लागतात, दाबाच्या टाक्या लागतात, शेकडो झडपा लागतात, आणि त्यांतली एकही गळून चालत नाही. बाजारात असल्या वस्तू मिळत नव्हत्या. मिळत होत्या त्या उघडून, सुधारून, पुन्हा जोडाव्या लागत. बाहेरचे पाहुणे ती प्रयोगशाळा पाहून म्हणत, की ही प्रयोगशाळा कसली, हा तर कारखाना! काहींना ते दूषण वाटे. ओनेसला ते भूषण वाटत असावे.

मध्येच एक विघ्न आले. १८०७ सालच्या जानेवारीत लायडनच्या ऐन वस्तीतल्या कालव्यात उभ्या असलेल्या एका गलबतावरील बंदुकीच्या दारूचा स्फोट होऊन सुमारे दीडशे माणसे मेली होती आणि मोहल्लाच्या मोहल्ला जमीनदोस्त झाला होता. त्या उद्ध्वस्त जागेवरच पुढे विद्यापीठाची ही प्रयोगशाळा बांधली गेली. १८९५ साली गावाला कळले, की या इमारतीत दाबलेल्या वायूंच्या टाक्या आहेत. झाले! आजोबांच्या तोंडून ऐकलेला तो धडाका लोकांच्या कानांत पुन्हा वाजला. तक्रार वरपर्यंत गेली, वायूंचे काम थांबले, चौकशी समिती नेमली गेली. त्या वेळी लंडनहून एका माणसाने ओनेसच्या बाजूने पत्र पाठवले. ते होते रॉयल इन्स्टिट्यूशनचे जेम्स ड्यूअर, याच शर्यतीतले ओनेसचे कट्टर प्रतिस्पर्धी. हे नाव ध्यानात ठेवा, ते पुन्हा येणार आहे. परवानगी मिळायला १८९८ साल उजाडले. त्याच वर्षी ड्यूअरने हायड्रोजनचा द्रव करून दाखवला आणि शर्यतीतला एक टप्पा जिंकला. ओनेसला तिथे पोचायला १९०६ पर्यंत थांबावे लागले.

पण या मधल्या वर्षांत त्याने जे केले ते मला द्रव हायड्रोजनपेक्षा मोठे वाटते. १९०१ साली त्याने उपकरणकारांच्या शिक्षणासाठी एक संस्था स्थापन केली आणि प्रयोगशाळेला जोडून शाळा चालवली. चौदा-पंधरा वर्षांची गरिबाघरची पोरे यायची. दिवसभर प्रयोगशाळेत हाताखाली काम, संध्याकाळी वर्ग. अंगात निळा डगला. त्यावरून त्यांना 'निळी पोरे' असेच नाव पडले. कानस कशी धरावी इथपासून काच कशी फुंकावी इथपर्यंत सारे ती शिकत. आणि नुसते हाताचे नव्हे. आराखडा काढणे, हिशेब, थोडे पदार्थविज्ञानही त्यांना येत असे. आपण घासतो आहोत तो तुकडा कोणत्या यंत्रात बसणार, आणि ते यंत्र काय मोजणार, हे त्या पोराला माहीत असे.

याचे महत्त्व बाहेरच्या माणसाला सांगून पटणार नाही, तरी प्रयत्न करतो. आमच्याकडे आराखडा येतो, त्यावर माप लिहिलेले असते: अमुक इतके, अधिक-उणे दोन थाऊ. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. जो कारागीर फक्त आराखडा वाचतो तो तेवढे करून देतो. पण ज्याला ठाऊक आहे, की हा तुकडा उणे दोनशे अंशांत जाणार आहे, तो विचारतो, "साहेब, पितळ आणि काच सारख्या प्रमाणात आकसणार नाहीत. मग सांधा तडकेल ना?" हा एक प्रश्न सहा महिन्यांचे काम वाचवतो. तो प्रश्न विचारण्याची अक्कल आणि विचारण्याची मुभा, या दोन्ही गोष्टी त्या पोराला हव्यात. लायडनने पहिली शिकवली. दुसरीबद्दल ओनेसचा लौकिक जरा कडक होता. पण काम नीट व्हावे म्हणून ऐकून घेत असावा.

या कारखान्याचा मुकादम म्हणा, कारभारी म्हणा, होता गेरिट यान फ्लिम. थंडीच्या विभागाची सारी यंत्रे त्याच्या ताब्यात. आणि काचेच्या खोलीचा राजा होता ऑस्कर केसेलरिंग. ही दोन नावे मी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहेत. लायडनचे निबंध इंग्रजीतूनही प्रसिद्ध होत, त्यामुळे डच न येणाऱ्या माझ्यासारख्यालाही ती गाठता आली.

आता हेलियमचे सांगतो. सगळे वायू एकामागून एक द्रव झाले होते, हा एकच उरला होता. पृथ्वीवर तो प्रथम १८९५ साली रॅम्झेला सापडला. मुळात मिळायचाच कमी. ओनेसचा भाऊ ॲम्स्टरडॅममध्ये व्यापारविषयक माहितीच्या सरकारी कचेरीचा प्रमुख होता. त्याच्या खटपटीने अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनामधून मोनाझाइट नावाची वाळू आणवली. (तसलीच वाळू आपल्या केरळच्या किनाऱ्यावरही आहे.) ती वाळू तापवून, निघालेला वायू पुन:पुन्हा शुद्ध करून, काही शे लिटर हेलियम साठवला. तो इतका मोलाचा, की एक झडप गळली तर महिन्यांची मेहनत हवेत.

यंत्र कसे होते पाहा. मधोमध काचेचे एक भांडे. त्यात हेलियमचा द्रव जमायचा. त्याच्याभोवती दुसरे भांडे, त्यात द्रव हायड्रोजन, उणे २५३ अंशांचा. त्याच्याभोवती तिसरे, त्यात द्रव हवा. आणि या सर्वांच्या बाहेर चौथे. त्यात खेळते कोमट अल्कोहोल! ते कशाला? तर बाहेरच्या काचेवर दव धरू नये आणि आत काय चालले आहे ते डोळ्यांनी दिसावे, म्हणून. भांडी सगळी दुहेरी भिंतीची, मधली हवा काढून टाकलेली, म्हणजे आपण प्रवासात चहा नेतो त्या थर्मासच्या कुळातली. (हे कूळही त्या ड्यूअरचेच, पेटंट त्याने घेतले नाही आणि पैसे जर्मनांनी केले.) एकात एक बसलेली अशी काचेची भांडी, आतल्या आणि बाहेरच्या तपमानांत जवळजवळ तीनशे अंशांचा फरक, आणि एकालाही तडा जाता कामा नये. मी काच फुंकणाऱ्यांबरोबर आयुष्य काढले आहे. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून केसेलरिंगला मनातल्या मनात नमस्कार केला.

१० जुलै १९०८. आदल्या दिवशी ७५ लिटर द्रव हवा करून ठेवली होती. पहाटे पावणेसहाला काम सुरू झाले. दुपारी दीडपर्यंत २० लिटर द्रव हायड्रोजन तयार झाला. मग हेलियमची पाळी. ओनेसला जेवायला उसंत नव्हती; बायको फराळ घेऊन आली आणि हात गुंतलेल्या नवऱ्याला तिने घास भरवले, असे सांगतात. प्रयोगशाळेत घास भरवणारी गृहिणी हे दृश्य मला तरी द्रव हेलियमइतकेच दुर्मिळ वाटते. सव्वाचारनंतर हेलियमचे चक्र सुरू झाले. तपमान उतरू लागले, मग अडकले. शेवटची हायड्रोजनची बाटली जोडली. तरी काटा जागचा हलेना. काचेत काही दिसेना. संध्याकाळ झाली. निराशा पसरली असावी. तेवढ्यात उत्सुकतेने डोकावलेले रसायनशास्त्राचे प्राध्यापक श्राइनमाकर्स म्हणाले, की तपमापक द्रवात बुडाला असेल म्हणूनच तर काटा हलत नसेल! खालून दिवा धरून पाहिले. भांडे जवळजवळ भरले होते. साडेसात वाजले होते. सुमारे ६० घनसेंटिमीटर, म्हणजे चहाचा कपदेखील नाही, एवढा द्रव. तपमान उणे २६९ अंश. जगातली तोवरची सर्वांत थंड जागा.

त्या निबंधात ओनेसने फ्लिम आणि केसेलरिंग यांचे नाव घेऊन ऋण मान्य केले आहे. हे त्या काळी सर्रास होत नसे. पण थांबा. यापुढची गोष्ट जरा वेगळी आहे.

८ एप्रिल १९११. सकाळी सातला काम सुरू. यंत्रांवर फ्लिम, तपमान मोजायला ओनेसबरोबर डोर्समन, आणि दूर एका अंधाऱ्या खोलीत विजेचा रोध मोजत बसलेला गिलेस होल्स्ट. बारीक नळीत पारा भरून तो हेलियमात बुडवला होता. दुपारी चारच्या सुमारास ओनेसने वहीत नोंद केली, की पाऱ्याचा रोध जवळपास शून्य आहे. अतिसंवाहकता म्हणतात ती हीच. वीज वाहते आणि अडत नाही, तार तापत नाही, काही खर्च होत नाही. आज एखाद्याला इस्पितळात एम.आर.आय.च्या त्या बोगद्यात घालतात, तेव्हा त्याच्याभोवती जे प्रचंड चुंबक असते ते याच गुणावर चालते, आणि त्याची वेटोळी द्रव हेलियमानेच थंड ठेवतात. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत द्रव हेलियम घरचाच तयार होतो. तिथेही पंपांशी बोलणारी माणसे आहेतच.

त्या १९११ च्या शोधाच्या निबंधावर लेखक म्हणून नाव एकाचेच: कामर्लिंग ओनेस. होल्स्टने रोध मोजला, डोर्समनने तपमान, फ्लिमने ते टिकवले. पण त्या काळची रीत अशी, की प्रयोगशाळा ज्याची, शोध त्याचा. १९१३ चे नोबेल पारितोषिक ओनेसला मिळाले. ते मुख्यत: द्रव हेलियमच्या कामासाठी होते, आणि कोणी म्हणेल की ते योग्यच होते. मीही म्हणतो. वीस वर्षे पंपांच्या मागे लागण्याची हिंमत त्याची, सरकारशी भांडणे त्याची, शाळा काढण्याची दूरदृष्टी त्याची. तरीही होल्स्टचे नाव त्या कागदावर यायला हवे होते असे मला वाटते, आणि फ्लिमचेही. होल्स्ट १९१४ मध्ये आइंडहोवेनला फिलिप्स कंपनीत गेला आणि तिथली मोठी संशोधन-प्रयोगशाळा त्याने उभी केली. तेव्हा त्याची काळजी करण्याचे कारण नाही. फ्लिमला मात्र जायला दुसरी जागा कुठली? जगात द्रव हेलियम दुसरीकडे होतच नव्हता. १९२३ साली टोरोंटोने करून दाखवीपर्यंत, म्हणजे पंधरा वर्षे, ही थंडी लायडनची मक्तेदारी होती.

निळ्या पोरांचीही या शोधाशी एक गोष्ट जोडलेली आहे, आणि ती मोठ्या चवीने सांगितली जाई. दाब सांभाळायला बसवलेल्या एका पोराला डुलकी लागली. दाब वाढला, तपमान चढले, आणि अचानक रोध परत आला. असा त्या पोराच्या झोपेतून शोध पक्का झाला, म्हणे! हल्लीच्या काळात इतिहासकारांनी ओनेसच्या वह्या लावून वाचल्या. त्या डुलकीला त्यांत आधार मिळत नाही. मला या गोष्टीचा आधीपासूनच राग होता. शेकडो तास जागणाऱ्या पोरांपैकी इतिहासाने लक्षात ठेवला तो कोण, तर न जागलेला! आणि तोही बहुधा खोटा. पोर हुशारीने काही करील यापेक्षा झोपेत काही करील, हे सांगायला सोपे जात असावे.

लंडनचा तो ड्यूअर या शर्यतीत का हरला? बुद्धीने तो ओनेसहून तिळभर कमी नव्हता, आणि सुरुवातीला तर कोसभर पुढे होता. पण त्याचे कोणाशी पटत नसे. हेलियमची खडान्‌खडा माहिती असलेला रॅम्झे त्याच लंडनात राहत होता, आणि दोघांचा उभा दावा. हाताखाली चांगली माणसे ड्यूअरकडेही होती. पण मोजकी, आणि नवी घडवणारी शाळा नव्हती. एक माणूस गेला की त्याच्या हातातले ज्ञान त्याच्याबरोबर जाई. लायडनमध्ये एक पोर निळा डगला उतरवून बाहेर पडले, की दुसरे चढवीत असे. बाहेर पडलेले इतर प्रयोगशाळांत, कारखान्यांत जात. लायडनचा उपकरणकार म्हटले की त्याला काम मिळे. आईबापांना सांगता येई, की पोरगा अमुक धंदा शिकला आहे आणि त्याला कागदही आहे. आमच्या पिढीत मी कित्येक अव्वल कारागीर पाहिले, ज्यांची कला फाइलीत 'मदतनीस' या एका शब्दात संपली. लायडनच्या त्या कागदाची किंमत मला म्हणून कळते. ती शाळा आजही चालू आहे.

ओनेसच्या स्वभावाचे गोडवे मी गाणार नाही. कडक शिस्तीचा, आपले तेच खरे करणारा माणूस. १९२६ च्या फेब्रुवारीत तो वारला, तेव्हाची एक हकिगत लायडनमध्ये शिकलेल्या कासिमिर या शास्त्रज्ञाने सांगून ठेवली आहे. चर्चमधली प्रार्थना लांबली. दफन शेजारच्या खेड्यात, आणि वेळ ठरलेली. मग शववाहिनी निघाली ती भरधाव. मागून पायी निघालेल्या मंडळींत फ्लिम आणि केसेलरिंग, काळे लांब कोट आणि उंच टोप्या घालून, घामाघूम होऊन जवळजवळ धावत होते. तेव्हा फ्लिम धापा टाकीत म्हणाला, की म्हातारा मेल्यावरसुद्धा आपल्याला पळवायचे काही सोडत नाही! या बोलण्यात कुरकुर किती आणि माया किती, ते ज्याने असल्या साहेबाच्या हाताखाली काम केले आहे त्याला तोलता येईल.

फ्लिमची चाकरी मात्र पुढेही चालूच राहिली. १९३२ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये शुक्रवारच्या संध्याकाळी व्याख्यान होते. विषय थंडीचा. त्या संस्थेत, त्याच वास्तूत ड्यूअरने हयात घालवली होती आणि हेलियमपर्यंत तो पोचू शकला नव्हता. १९२३ साली तो गेला होता. ज्या प्रोफेसराकडून तो हरला, तोही आता नव्हता. अतिसंवाहकता श्रोत्यांना नुसती सांगायची नाही, दाखवायची, असे ठरले. लायडनमध्ये शिशाचे एक कडे द्रव हेलियमात बुडवले आणि त्यात २०० अँपिअरचा प्रवाह सोडला. (आपल्या स्वैपाकघरातला मिक्सर दोन-तीन अँपिअर घेतो.) मग विजेची जोडणी काढून टाकली. कडे एकटे, कोणाशी तार नाही, आणि प्रवाह आपला फिरतोच आहे.

ते भांडे काखोटीला मारून फ्लिम विमानात बसला. सगळा वेळ हेलियमचा एकेक थेंब वाफ होऊन जात असणार, आणि तो आटला तर सारेच आटले. विमान हलते, मोटारीला धक्के बसतात. खाली समुद्र, मांडीशी उणे २६९ अंश. तो संध्याकाळी ड्यूअरच्या सभागृहात शिरला तेव्हा भांड्यात द्रव शिल्लक होता. कड्याशेजारी होकायंत्राची सुई धरली. ती वळली. लायडनला सुरू केलेला प्रवाह अजून वाहत होता.